इम्प्लांट कोणत्या थरात आणि लिफ्ट करावी की नाही: स्तनवर्धनापूर्वी घरी करण्याची मोजमापे आणि सर्जनसमोर घेण्याचे निर्णय

स्तनवर्धनाचा विचार करणारी स्त्री पहिल्यांदा सर्जनकडे जाते तेव्हा आकाराचा विचार तिने बहुधा पुरा केलेला असतो. किती सीसीचे (म्हणजे मिलीलिटरचे) इम्प्लांट, कोणता कप, कोणत्या छायाचित्रातल्यासारखा परिणाम, हे सगळे तिच्या मनात पक्के असते. तपासणीच्या खोलीत मात्र बोलणे भलत्याच गोष्टींपासून सुरू होते. स्तनाग्र स्तनाखालच्या घडीच्या वर आहे की खाली, वरच्या भागातील त्वचा आणि चरबी चिमटीत किती येते, गळ्याखालच्या खोबणीपासून स्तनाग्र किती अंतरावर आहे, असे प्रश्न अनपेक्षितपणे पुढे येतात आणि त्यांचा अर्थ नीट लागण्याआधीच “स्नायूखाली घालू, थोडी लिफ्टही करू” या वाक्याला होकार देऊन ती घरी परतते. त्या भेटीची तयारी आधीच करता यावी, यासाठी हे मार्गदर्शन आहे. उदाहरणादाखल येथे एक-दोन बाळंतपणे आणि अंगावर पाजणे झालेली, तिशी-चाळिशीतली स्त्री डोळ्यांसमोर ठेवली आहे, कारण इम्प्लांटची जागा आणि लिफ्ट हे दोन प्रश्न सर्वाधिक गुंततात ते याच शरीरात.

गुंता टाळण्याचा मार्ग म्हणजे दोन्ही प्रश्न वेगळे ठेवणे. लिफ्ट, म्हणजे जास्तीची त्वचा काढून ओघळलेला स्तन आणि स्तनाग्र वर नेण्याची शस्त्रक्रिया, लागेल की नाही हे स्तनाग्राच्या जागेवर आणि त्वचेच्या सैलपणावर ठरते. इम्प्लांट दुधाच्या ग्रंथीखाली बसवावे की छातीच्या स्नायूखाली, हे छातीच्या वरच्या भागातील आवरणाच्या जाडीवर ठरते. आकाराचा क्रम या दोहोंनंतर लागतो आणि पहिल्या दोन उत्तरांनी त्याची कमाल मर्यादा बरीचशी आखून दिलेली असते.

आधी थांबण्याची कारणे

अंगावर पाजणे बंद करून निदान सहा महिने झालेले नसतील, तर कोणतेही मोजमाप अजून खरे नाही. दूध आटल्यावर ग्रंथी आक्रसत जातात, त्वचा मागाहून थोडी सावरते आणि स्तनाचे खरे रूप त्यानंतरच दिसते. वजन उतरत असेल तर ते काही महिने स्थिर होऊ द्यावे. पुढचे मूल निश्चितपणे हवे असेल तर लिफ्ट तेवढी पुढे ढकललेली बरी, कारण पुढील गर्भारपणात त्वचा पुन्हा ताणली जाते आणि केलेल्या कामाचा बराच भाग वाया जातो. अंगावर पाजल्यामुळेच स्तन ओघळतात ही समजूत आपल्याकडे आजही ठाम आहे. प्रत्यक्षात ओघळण्याचा संबंध गर्भारपणांची संख्या, वाढते वय, शरीराचे वजन आणि धूम्रपान यांच्याशी आढळतो, पाजण्याशी स्वतंत्रपणे आढळत नाही. तेव्हा पाजल्याचा पश्चात्ताप करण्याचे कारण नाही.

तंबाखूविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. सिगारेट ओढत नाही असे सांगणाऱ्या अनेक घरांत मिश्री लावली जाते आणि तिची गणना कोणी व्यसनात करत नाही. निकोटीन सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित करते. लिफ्टमध्ये स्तनाग्र मोजक्याच रक्तवाहिन्यांच्या आधारावर नव्या जागी नेलेले असते. तो पुरवठा आणखी घटला तर जखम उसवते, त्वचा काळी पडते आणि क्वचित स्तनाग्राचा भाग गमवावा लागतो. म्हणून मिश्री, गुटखा, सिगारेट आणि निकोटीनचे च्युइंगम हे सर्व शस्त्रक्रियेपूर्वी किमान चार आठवडे आणि नंतरही तितकेच दिवस पूर्ण बंद हवे. ही गोष्ट सर्जनपासून लपवणे म्हणजे स्वतःच्याच जखमेशी खोटे बोलणे होय.

शस्त्रक्रियेपूर्वी स्तनांची एक तपासणी करून ठेवावी, वयानुसार सोनोग्राफी किंवा मॅमोग्राम. भारतीय स्त्रियांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनांचाच आहे आणि आपल्याकडे तो पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी वयात दिसतो. आई, मावशी किंवा बहिणीला तो झाला असेल तर पहिल्याच भेटीत सांगावे.

आरशासमोरची मोजणी

साहित्य साधे आहे: शिंप्याकडची मऊ टेप, एक फूटपट्टी आणि मोठा आरसा. अंगावरची ब्रा काढून, हात बाजूला सैल सोडून, पाठ ताठ ठेवून उभे राहावे. फूटपट्टी स्तनाखालच्या घडीत आडवी, जमिनीला समांतर धरावी आणि आरशात पाहावे की स्तनाग्र पट्टीच्या पातळीच्या वर आहे, बरोबरीला आहे की खाली. किती सेंटिमीटर खाली, हेही लिहून ठेवावे. दोन्ही बाजू स्वतंत्र मोजाव्यात, कारण दोन्ही स्तन तंतोतंत सारखे असणारी स्त्री सापडणे अवघड आहे आणि हा फरक शस्त्रक्रियेनंतर कमी न होता कधी कधी अधिक उठून दिसतो. मग गळ्याखाली, दोन हाडांमधल्या खोबणीपासून स्तनाग्रापर्यंतचे अंतर टेपने घ्यावे. सडपातळ, ओघळ नसलेल्या शरीरात ते साधारण 19 ते 21 सेंटिमीटर असते. उंचीनुसार त्यात फरक पडतो. शेवटी स्तनाग्र हळूच वर उचलून, त्वचा ताणून, त्याच्यापासून घडीपर्यंतचे अंतर घ्यावे. हे अंतर 9-10 सेंटिमीटरच्या पुढे गेले असेल तर खालच्या भागात त्वचा जास्तीची आहे, असे समजावे.

पेन्सिलची चाचणी पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते: स्तनाखाली पेन्सिल ठेवावी, ती पडली नाही तर लिफ्ट हवी. माझ्या मते ही चाचणी सोडून द्यावी. भरीव पण मुळीच न ओघळलेला स्तनही पेन्सिल धरून ठेवतो आणि उगीच घाबरवतो. फूटपट्टी मात्र थेट स्तनाग्राची पातळी सांगते.

पॉल रेन्यो या कॅनडातील स्त्री-सर्जनने 1976 साली ओघळण्याच्या पायऱ्या मांडल्या, त्याच आजही बहुतेक सर्जन वापरतात. स्तनाग्र घडीच्या बरोबरीला किंवा सेंटिमीटरभर खाली असेल तर पहिली पायरी. एक ते तीन सेंटिमीटर खाली, पण स्तनाच्या तळापेक्षा वर, ही दुसरी. तीन सेंटिमीटरहून खाली, स्तनाच्या तळाशी आणि तोंड जमिनीकडे, ही तिसरी. याखेरीज एक फसवा प्रकार आहे: स्तनाग्र घडीच्या वर असते, पण स्तनाचा मांसल भाग खाली झुकलेला असतो आणि वरचा भाग रिकामा पडलेला असतो. याला आभासी ओघळ म्हणता येईल. बाळंतपणानंतर तो पुष्कळदा दिसतो आणि त्यात बहुधा लिफ्टशिवायही काम भागते. आपली पायरी ओळखणे हेच या सगळ्या तयारीतले सर्वांत उपयोगी काम आहे.

इम्प्लांट भरते, उचलत नाही

रिकाम्या पिशवीत काही भरले की ती टम्म होते आणि थोडी वर आल्यासारखी वाटते, त्यावरून इम्प्लांटने स्तन उचलले जातील अशी आशा धरली जाते. सौम्य ओघळात हा भास उपयोगी पडतो. आभासी ओघळ आणि पहिली पायरी यांत योग्य रुंदीचे इम्प्लांट त्वचेतील ढिलाई भरून काढते, वरचा भाग गोलसर होतो आणि स्तनाग्र नजरेला थोडे वर दिसते. स्तनाग्र घडीच्या दोन सेंटिमीटर खाली गेले असेल तर मात्र ते केवळ भरण्याने घडीच्या वर येत नाही. मोठे इम्प्लांट घालून ते वर खेचण्याचा मोह अशा वेळी सर्जनलाही होतो आणि रुग्णालाही, कारण लिफ्टच्या व्रणांपासून सुटका हवी असते. पण 300 सीसीचे सिलिकॉन जेल जवळजवळ 300 ग्रॅम वजनाचे असते. दोन्ही बाजूंचे मिळून अर्ध्या किलोहून अधिक वजन, आधीच सैल झालेल्या त्वचेवर, दिवसरात्र. सहा महिने छान दिसते, मग तीच त्वचा आणखी ताणत जाते, आणि दोन-तीन वर्षांनी जी लिफ्ट करावी लागते ती पहिल्यापेक्षा मोठी आणि अवघड असते.

लिफ्टचे प्रकार व्रणांच्या आकारावरून ओळखले जातात. स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेने, डोनटसारखी कातडीची कडी काढून केलेली लिफ्ट पहिल्या पायरीला आणि थोड्याशा ओघळाला पुरते. पॅरिसचे सर्जन बेनेली यांनी 1990 साली मांडलेल्या पद्धतीत वर्तुळाभोवती एक कायमचा, गोलाकार टाका ओढून बसवतात, जेणेकरून वर्तुळ पसरू नये. तरीही जास्त त्वचा या मार्गाने काढू पाहिल्यास वर्तुळ पसरते, व्रण रुंद होतो आणि स्तन समोरून चपटा दिसतो. “फक्त वर्तुळाभोवती टाके, बाहेर काहीच दिसणार नाही” हे आश्वासन दुसऱ्या पायरीच्या ओघळाला दिले जात असेल, तर दुसऱ्या सर्जनचे मत घ्यावे.

दुसऱ्या पायरीला बहुधा उभा व्रण लागतो: वर्तुळाभोवती आणि तेथून घडीपर्यंत सरळ खाली, लॉलीपॉपच्या आकाराचा. तिसऱ्या पायरीत किंवा त्वचा फारच जास्त असल्यास घडीतून आडवा छेदही घेतात, ज्याला जहाजाच्या नांगरासारखा म्हणतात. या आराखड्याचा उगम रॉबर्ट वाइज यांच्या 1956 सालच्या कामात आहे. व्रण जितका लांब, तितका आकारावर सर्जनचा ताबा जास्त, हे सूत्र अप्रिय असले तरी खरे आहे.

आपल्या त्वचेविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत व्रण गडद पडण्याचे आणि फुगण्याचे प्रमाण गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक असते, आणि छातीचा मधला भाग तर केलॉइडसाठी, म्हणजे गाठीसारख्या वाढत जाणाऱ्या व्रणासाठी, कुप्रसिद्ध आहे. कान टोचल्याच्या, देवी किंवा बीसीजीच्या लसीच्या, सिझेरियनच्या जागी गाठीसारखा फुगलेला व्रण असेल तर तो सर्जनला दाखवावा. तशा शरीरात घडीतला आडवा छेद छातीच्या मध्याकडे लांबवणे टाळावे लागते, आणि प्रसंगी लिफ्टचा विचारच पुन्हा करावा लागतो. एरवी व्रण पहिले सहा महिने लालसर-तपकिरी आणि कडक राहतात आणि फिके पडायला साधारण वर्ष घेतात.

ग्रंथीखाली, स्नायूखाली, की दोन्हींचा मेळ

आता दुसरा प्रश्न. स्तनाच्या ग्रंथीमागे छातीचा मोठा स्नायू असतो, पंख्यासारखा पसरलेला, हात पुढे ढकलताना ताठ होणारा. इम्प्लांट या स्नायूच्या पुढे, म्हणजे ग्रंथी आणि स्नायू यांच्या मधे ठेवता येते, किंवा स्नायूच्या मागे सरकवता येते. स्नायूवरच्या पातळ पडद्याखाली ठेवण्याचीही एक पद्धत आहे. तिचा स्वभाव ग्रंथीखालच्या जागेच्या जवळचा आहे, म्हणून तिच्यावर येथे थांबत नाही.

निर्णयाची किल्ली म्हणजे चिमटीची चाचणी. स्तनाच्या वरच्या भागात, वर्तुळापासून काही सेंटिमीटर वर, त्वचा आणि तिच्याखालचे सगळे मऊ आवरण अंगठा आणि तर्जनीत पकडावे. सर्जन हे कॅलिपरने मोजतो. घरी अंदाजच येतो, पण तो उपयोगी असतो. चिमटीची जाडी दोन सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर इम्प्लांटची वरची कड आवरणातून उठून दिसण्याची, त्वचेवर सुरकुत्यांसारख्या लाटा पडण्याची शक्यता असते. अशा वेळी वरून स्नायूची चादर हवी. दोन सेंटिमीटरहून बऱ्यापैकी जास्त असेल तर ग्रंथीखालची जागा खुली राहते.

ग्रंथीखाली ठेवलेल्या इम्प्लांटचे फायदे खरे आहेत. दुखणे कमी, बरे होणे लवकर, आणि हात हलवल्यावर इम्प्लांट जागचे हलत नाही. सैल झालेल्या खालच्या भागात ते थेट भरते, म्हणून सौम्य ओघळ झाकण्यात ते स्नायूखालच्या इम्प्लांटपेक्षा उजवे ठरते. तोटे असे की भोवतीचे आवरण कडक होण्याचे प्रमाण येथे अधिक असते. प्रत्येक इम्प्लांटभोवती शरीर एक पातळ कवच तयार करते आणि ते स्वाभाविक आहे. ते आवळत गेले की स्तन कठीण, गोळ्यासारखा आणि दुखरा होतो. बेकर या सर्जनच्या नावाने कवच आवळण्याच्या चार पायऱ्या सांगतात, त्यांतील तिसरी आणि चौथी पुन्हा शस्त्रक्रियेकडे नेऊ शकते. शिवाय इम्प्लांट ग्रंथीला चिकटून असल्याने मॅमोग्राममध्ये ग्रंथीचा काही भाग झाकला जातो. इम्प्लांट मागे सरकवून काढायच्या खास छायाचित्रांनी हे बरेच टळते, पण तंत्रज्ञाला ते आधी सांगावे लागते आणि रांगेत उभे राहून सांगायची लाज वाटते म्हणून पुष्कळ जणी ते सांगतच नाहीत.

स्नायूखालच्या जागेत वरचा उतार नैसर्गिक दिसतो, कड लपते, कवच आवळण्याचे प्रमाण कमी असते आणि मॅमोग्राम तुलनेने सोपा जातो. किंमत दोन रूपांत मोजावी लागते. पहिले काही दिवस छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते. दुसरी किंमत कायमची आहे: स्नायू आवळला की इम्प्लांट बाहेर आणि वर ढकलले जाते आणि स्तनाचा आकार क्षणभर बदलतो. बैठे काम करणाऱ्या स्त्रीला हे कधी जाणवणारही नाही. रोज सूर्यनमस्कार घालणाऱ्या, जिममध्ये दंड काढणाऱ्या, पोहणाऱ्या किंवा व्यायामशाळेत शिकवणाऱ्या स्त्रीला मात्र ते आरशात रोज दिसते. तिचे आवरण पुरेसे जाड असेल तर ग्रंथीखालची जागा तिच्यासाठी अधिक शहाणपणाची. आवरण पातळ असेल तर हा त्रास आणि उठून दिसणारी कड यांतला एक पर्याय तिने स्वतः निवडायचा आहे. सर्जनने तो परस्पर निवडू नये.

बहुतांश स्त्रियांना आज सुचवला जाणारा मार्ग या दोन्हींच्या मधला आहे. डॅलसचे सर्जन जॉन टेबेट्स यांनी 2001 साली त्याची पद्धतशीर मांडणी केली आणि तो ड्युअल प्लेन या नावाने रूढ झाला. यात स्नायू घडीलगत सोडवला जातो. परिणामी इम्प्लांटचा वरचा भाग स्नायूखाली आणि खालचा भाग ग्रंथीखाली येतो. ग्रंथी स्नायूपासून किती वरपर्यंत सोडवायची, यावरून याचे तीन प्रकार आहेत: पहिल्यात फक्त घडीलगत, दुसऱ्यात वर्तुळाच्या खालच्या कडेपर्यंत, तिसऱ्यात वरच्या कडेपर्यंत. ओघळ जितका अधिक, तितका वरचा प्रकार. “स्नायूखाली” असे सर्जन म्हणतो तेव्हा त्याला पुष्कळदा हेच अभिप्रेत असते, म्हणून कोणता प्रकार, हे विचारून घ्यावे. नेमके उत्तर मिळाले तर समोरच्याने तपासणी मन लावून केली आहे, एवढे तरी कळते.

धबधब्यासारखा स्तन, आणि दोन्ही एकत्र करावे का

दोन्ही प्रश्नांची गाठ बसते ती येथे. समजा, स्तनाग्र घडीच्या दोन सेंटिमीटर खाली आहे आणि वरचे आवरण पातळ आहे. पातळ आवरण सांगते, स्नायूखाली जा. स्त्री सांगते, व्रण नकोत. सर्जन दोघांचे ऐकतो आणि लिफ्ट न करता स्नायूखाली इम्प्लांट ठेवतो. होते असे, की इम्प्लांट स्नायूच्या आड वरच्या बाजूला घट्ट बसते आणि तिची मूळची सैल ग्रंथी त्यावरून घसरून खाली लोंबते. बाजूने पाहिले तर वर एक फुगवटा आणि त्याच्या पुढून घसरणारा दुसरा. सर्जन याला धबधबा म्हणतात. लिफ्टशिवाय हा दोष सुधारत नाही. म्हणजे ज्या व्रणांपासून सुटायचे होते ते पुढे येतातच, वर दुसरी भूल आणि दुसरा खर्च.

त्यामुळे दुसऱ्या पायरीपासून पुढे, आवरण पातळ असल्यास, लिफ्ट आणि ड्युअल प्लेनमधील मध्यम इम्प्लांट हे दोन्ही लागतात असे गृहीत धरून चालावे. प्रश्न एवढाच उरतो की ते एकाच वेळी करावे की दोनदा. एकाच वेळी केले तर भूल, सुट्टी आणि रुग्णालयाचा खर्च एकदाच. पण या दोन क्रिया परस्परविरोधी आहेत, हे विसरता कामा नये: लिफ्ट त्वचा कमी करते आणि आवळते, इम्प्लांट तीच त्वचा आतून ताणते, लिफ्टमध्ये स्तनाग्राचा रक्तपुरवठा मोजका होतो, इम्प्लांट त्यावर आतून दाब आणते. म्हणून दोन्ही एकत्र केल्यावर पुन्हा दुरुस्तीची गरज पडण्याचे प्रमाण नुसत्या वर्धनापेक्षा अधिक असते. ओघळ मध्यम, इम्प्लांट लहान ते मध्यम, तंबाखू नाही, मधुमेह ताब्यात, अशी परिस्थिती असेल तर एकत्र करणे वाजवी आहे. तिसऱ्या पायरीचा ओघळ, फार सैल त्वचा, किंवा स्तनाग्र बरेच वर न्यायचे असेल तर आधी लिफ्ट करून, निदान सहा महिने जाऊ देऊन, मग इम्प्लांटचा विचार करावा असे मला वाटते. त्यातला एक लपलेला फायदा असा की पहिल्या टप्प्यानंतर अनेक स्त्रियांना दुसऱ्याची गरजच उरत नाही. ओघळ गेल्यावर स्वतःचे ऊतक जागेवर येते आणि पूर्वी कमी वाटलेला आकार पुरेसा वाटू लागतो. तुम्हाला खरोखर मोठे स्तन हवे आहेत की पूर्वीच्या जागी आलेले हवे आहेत, हे स्वतःला विचारून पाहावे. दुसरे उत्तर असेल तर इम्प्लांटविना केवळ लिफ्ट हा पूर्ण आणि सन्मान्य पर्याय आहे, आणि त्यात आयुष्यभराची देखरेख नाही.

आकार: तांदूळ आणि ब्लाउज

आपल्याकडे ब्राच्या कपांची मापे दुकानागणिक बदलतात आणि ब्लाउज शिवणारा टेलर कप जाणतच नाही, तो छाती आणि टक्स जाणतो. त्यामुळे कपाच्या भाषेत आकार सांगून गैरसमज होतात. त्याऐवजी मापी भांड्यात 250 किंवा 300 मिलीलिटरच्या खुणेपर्यंत तांदूळ भरावे, पातळ मोज्यात घालून गाठ मारावी आणि सैलसर स्पोर्ट्स ब्रामध्ये ठेवून घरात दोन-चार तास वावरावे. तांदळाचे वजन करू नये, घनफळच मोजावे. तांदूळ सिलिकॉनपेक्षा हलके असतात. नेहमीचा कटोरी ब्लाउज, कामावरचा कुर्ता, टी-शर्ट, सगळे घालून पाहावे. स्नायूखालचे इम्प्लांट या पोटलीपेक्षा किंचित लहान दिसते. अंतिम आकडा मात्र स्तनाच्या तळाची रुंदी ठरवते. इम्प्लांट त्या रुंदीपेक्षा रुंद असू नये, नाहीतर ते काखेकडे सरकते किंवा मधोमध दोन्ही जवळ येतात.

छेद घडीत, वर्तुळाच्या कडेने किंवा काखेतून घेता येतो. नुसत्या वर्धनाला घडीतला छेद सर्वांत सरळ आहे. लिफ्ट होणार असेल तर हा प्रश्न उरतच नाही, लिफ्टच्याच छेदातून इम्प्लांट आत जाते. पुढे पाजायचे असल्यास वर्तुळाच्या कडेचा छेद टाळलेला बरा, कारण तेथे दुधाच्या नलिका आणि मज्जातंतू जवळ असतात.

पृष्ठभाग आणि पुढची वर्षे

इम्प्लांटचा पृष्ठभाग गुळगुळीत असावा की खरखरीत, हा प्रश्न पूर्वी आवडीचा होता, आज सुरक्षिततेचा आहे. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवतीच्या कवचात लिम्फोमाचा (लसीका पेशींच्या कर्करोगाचा) एक दुर्मीळ प्रकार उद्भवू शकतो हे स्पष्ट झाल्यावर जुलै 2019 मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीला बायोसेल पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून मागे घ्यावी लागली. थेंबाच्या आकाराची इम्प्लांट आत फिरू नयेत म्हणून खरखरीतच असावी लागतात. म्हणून थेंबाचा आकार सुचवला गेला तर हा मुद्दा स्वतः काढावा. गुळगुळीत गोल इम्प्लांट ड्युअल प्लेनमध्ये उभे राहिल्यावर बऱ्याच अंशी थेंबासारखेच दिसते. कंपनीही विचारून घ्यावी. फ्रान्समधील पीआयपी कंपनी औद्योगिक दर्जाचे सिलिकॉन भरत होती हे 2010 साली उघड झाले, तेव्हा कोणाच्या शरीरात काय आहे हे शोधताना कागदपत्रेच कामी आली.

इम्प्लांट आयुष्यभरासाठी नसते. जेलचे इम्प्लांट काहीही न जाणवता आतल्या आत फाटू शकते, म्हणून अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी करण्याची शिफारस करते. याच प्रशासनाने 2021 पासून शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाने मुद्देनिहाय वाचून सही करावयाची यादी सक्तीची केली आहे. भारतातील रुग्णालयात ती मिळाली नाही तरी मागून वाचण्यासारखी आहे. एक बाजू अनेक वर्षांनी अचानक सुजली किंवा पाणी भरल्यासारखी मोठी झाली, तर ती दुखत नसली तरी तपासून घ्यावी.

सर्जनकडे जाताना

डॉक्टरकडे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी (आता डीआरएनबी) पदवी आहे का आणि राज्याच्या वैद्यकीय परिषदेत, आपल्याकडे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये, त्यांची नोंदणी आहे का, हे पाहावे. ‘कॉस्मेटिक’ हा शब्द पाटीवर कोणीही लिहितो. ओघळ आणि जाडी न मोजता, केवळ व्हॉट्सअ‍ॅपवरच्या छायाचित्रावरून इम्प्लांटचा आकडा सांगणाऱ्याकडे जाऊ नये. केवळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर जीएसटी लागतो आणि आरोग्यविमा ती सहसा देत नाही. दिलेला आकडा भूलतज्ज्ञ, इम्प्लांट आणि कर धरून आहे का आणि वर्षभरात दुरुस्ती लागली तर काय, हे लेखी घ्यावे. तुमच्यासारख्याच ओघळाच्या रुग्णांची आधीची आणि वर्षानंतरची छायाचित्रे मागावीत. सहा आठवड्यांची छायाचित्रे काही सिद्ध करत नाहीत, कारण इम्प्लांट खाली बसून आकार स्थिर व्हायलाच तीन ते सहा महिने लागतात.

घरची व्यवस्था आधीच करून ठेवावी. साधारण चार ते सहा आठवडे कडेवर मूल घेता येणार नाही, पाण्याची बादली किंवा भरलेला कुकर उचलता येणार नाही, आणि सुरुवातीला स्कूटरही चालवता येणार नाही. दोन वर्षांचे मूल असलेल्या घरात हाच सगळ्यांत अवघड भाग ठरतो, म्हणून आई किंवा सासूबाईंना निदान तीन आठवडे बोलावून ठेवावे आणि काय केले आहे हे त्यांना सांगण्याइतके सांगावे.

डिस्चार्जच्या दिवशी इम्प्लांटचे कार्ड मागून घ्यावे. त्यावर कंपनी, प्रकार, आकारमान आणि दोन्ही बाजूंचे अनुक्रमांक असतात. शस्त्रक्रियेच्या टिपणाची प्रतही घ्यावी, जीत इम्प्लांट कोणत्या थरात ठेवले हे लिहिलेले असते. दोन्हींचे फोटो फोनमध्ये आणि मूळ कागद घरच्या महत्त्वाच्या फायलीत ठेवावेत. पाच वर्षांनंतरच्या सोनोग्राफीला जाताना रेडिओलॉजिस्ट पहिल्यांदा हीच दोन कागदपत्रे मागेल.